रीजन पाच : डिस्क आपली, कुलूप दुसऱ्याचं



आजचा विषय वाचून काही जणांनी येताना विचारलंच, की जामखेडमध्ये बसून डीव्हीडीच्या रीजन कोडवर तासभर बोलण्यासारखं आहे तरी काय? आता सिनेमा मोबाईलवर बघतात, डीव्हीडी प्लेअर माळ्यावर गेला. हे खरं आहे. पण माळ्यावर गेलेल्या वस्तूकडं शांतपणे बघता येतं. ती चालू असते, तेव्हा आपण फक्त सिनेमा बघत असतो.

तर सुरुवात करू त्या पाटीपासून. परदेशातून कुणी पाहुण्यानं सिनेमाची डिस्क आणलेली असायची. दुकानातून पावतीसकट घेतलेली, अस्सल. ती आपल्या प्लेअरमध्ये घातली की पडद्यावर इंग्रजीत यायचं : ही डिस्क या भागात चालणार नाही. डिस्कवर ओरखडा नाही, मशीन ठीक आहे, वीज आहे. मग अडलं कुठं? बहुतेकांनी समजूत करून घेतली की ‘तिकडची डिस्क इकडं चालत नाही, टेक्निकल भानगड असते’. ही समजूत चुकीची आहे. भानगड व्यवहाराची आहे, आणि ती तांत्रिक वाटावी अशा रीतीनं मांडलेली आहे. मला आज एवढीच गोष्ट नीट फोडून सांगायची आहे.

आधी हे चालतं कसं ते बघू.

डीव्हीडी १९९६च्या शेवटी जपानमध्ये बाजारात आली, १९९७मध्ये अमेरिकेत. तिच्यासाठी जगाचे भाग पाडले गेले. एक नंबर अमेरिका आणि कॅनडा. दोन नंबर युरोप, जपान, आखाती देश, दक्षिण आफ्रिका. तीनमध्ये आग्नेय आशिया, दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग. चारमध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि मेक्सिकोपासून खाली सगळी लॅटिन अमेरिका. पाचमध्ये भारत, पाकिस्तान, रशिया आणि बहुतेक आफ्रिका. सहा नंबर एकट्या चीनला. सात राखीव ठेवला, आणि आठ नंबर विमानं आणि जहाजांसाठी.

डिस्कवर सिनेमाबरोबर माहितीच्या काही फायली असतात. त्यात एका ठिकाणी आठ खुणांची एक ओळ असते, प्रत्येक रीजनला एक खूण. ज्या रीजनला परवानगी, त्याची खूण उघडी, बाकीच्या बंद. प्लेअर आधी ती ओळ वाचतो, कारखान्यात आपल्याला दिलेला नंबर तिच्याशी जुळवतो आणि मग चालायचं की नाही ते ठरवतो. म्हणजे बघा, डिस्क स्वतः काहीच अडवत नाही. ती फक्त सांगते, मला कुणाकडं जायची परवानगी आहे. अडवतो तो प्लेअर. तुमचा प्लेअर. तुम्ही पैसे देऊन घरी आणलेला.

आपल्याकडं ‘रीजन झिरो’ हा शब्द फार चालला. असा कुठला अधिकृत भाग नाही. सगळ्या खुणा उघड्या ठेवलेल्या डिस्कला लोकांनी दिलेलं ते नाव आहे. कव्हरवर ‘ऑल रीजन’ लिहितात, तेही तेच.

आता मुख्य प्रश्न. हे तंत्रज्ञानामुळं करावं लागलं का? याचा पडताळा त्याच यादीत आहे. टीव्हीच्या पद्धती तेव्हा मुख्यतः तीन होत्या. आपल्याकडं आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी पाल, अमेरिका-जपानमध्ये एनटीएससी, आणि रशिया-फ्रान्समध्ये सेकाम. पालमध्ये चित्र ६२५ रेघांचं, सेकंदाला २५ चित्रं. एनटीएससीमध्ये ५२५ रेघा आणि सेकंदाला जवळजवळ ३० चित्रं. आता रीजन दोन बघा. युरोप आणि जपान एकाच डब्यात, टीव्हीची पद्धत मात्र वेगळी. रीजन पाच बघा. भारत आणि रशिया एकाच डब्यात, तिथंही पद्धत वेगळी. तंत्रज्ञानासाठी भाग पाडले असते, तर ते या रेषेवर पडले असते. ते तसे पडलेले नाहीत.

पाल आणि एनटीएससी ही अडचण खरी होती, हे मात्र मान्य करू. समजा, आपल्या तालुक्यातल्या फोटोग्राफरनं लग्नाची डीव्हीडी बनवली आणि ती अमेरिकेतल्या मुलीकडं पाठवली. त्या डिस्कवर रीजनचं कसलंच बंधन नाही. तरी तिकडच्या टीव्हीखालच्या प्लेअरवर ती बरेचदा चालायची नाही, कारण ती पालमध्ये आहे. तीच डिस्क तिकडच्या कॉम्प्युटरवर चालायची. ही अडचण यंत्राची. ती चांगल्या यंत्रानं सुटते, आणि आपल्याकडच्या बहुतेक प्लेअरांनी दोन्ही पद्धती वाचून ती सोडवलीही. रीजनची अडचण यंत्र चांगलं करून सुटत नाही, कारण ती यंत्रात मुद्दाम घातलेली आहे. या दोन अडचणी आपण एकाच पोत्यात भरल्या, म्हणून खरा प्रश्न विचारायचा राहून गेला.

मग घातली कुणी आणि का?

हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्यांची ही मागणी होती. त्या काळी सिनेमा फिल्मच्या रिळांवर थिएटरात जायचा. प्रिंट महाग. अमेरिकेत खेळ संपत आले की त्याच प्रिंटा पुढच्या देशात जायच्या. ‘टायटॅनिक’ अमेरिकेत डिसेंबर १९९७मध्ये लागला, भारतात मार्च १९९८मध्ये. काही सिनेमांना याहून जास्त वेळ लागायचा. कंपन्यांना भीती ही, की अमेरिकेत डिस्क निघाली आणि आपल्याकडं सिनेमा लागायच्या आधी ती इथं पोचली, तर थिएटरात येणार कोण?

ही भीती प्लेअर बनवणाऱ्यांच्या गळ्यात उतरवली कशी, ते बघण्यासारखं आहे. सिनेमाच्या डिस्का सीएसएस नावाच्या पद्धतीनं कुलूपबंद केलेल्या असतात. ते उघडायची किल्ली हवी, तर प्लेअरच्या कंपनीला परवाना घ्यावा लागतो. आणि परवान्याच्या करारातच अट, की तुमचा प्लेअर रीजन पाळेल. कुठल्या देशाच्या संसदेनं कायदा केला, म्हणून तुमचा प्लेअर रीजन पाळत नव्हता. दोन कंपन्यांमधल्या कागदावर तसं लिहिलं होतं, म्हणून पाळत होता. त्या कागदावर गिऱ्हाईक म्हणून तुमची सही नाही. तुम्हाला तो कुणी दाखवलाही नाही.

आता या योजनेच्या बाजूनं काय बोललं जातं, तेही प्रामाणिकपणे घेऊ. तीन मुद्दे आहेत.

पहिला, थिएटरच्या तारखांचा. १९९७मध्ये त्यात तथ्य होतं. पण तो मुद्दा नव्या सिनेमापुरता आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या कृष्णधवल सिनेमाच्या डिस्कवर रीजनची खूण कशासाठी? तो कुठल्या थिएटरात लागायचा राहिला होता? आणि पुढं थिएटरं डिजिटल झाली, तेव्हा नव्या सिनेमाचंही कारण उरलं नाही. ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ २६ एप्रिल २०१९ला अमेरिकेत आणि भारतात एकाच दिवशी लागला. कारण संपलं, कुलूप राहिलं.

दुसरा मुद्दा किमतीचा. हा जास्त वजनदार आहे. म्हणतात, गरीब देशात स्वस्त विकायचं, तर तो स्वस्त माल श्रीमंत देशात परत जाऊ नये याची सोय हवी, नाहीतर कुणीच स्वस्त देणार नाही. ऐकायला बरोबर वाटतं. पण पुस्तकांकडं बघा. कॉलेजच्या इंग्रजी पुस्तकांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या आपण वर्षानुवर्षं वापरतो. त्यावर छापलेलं असतं की विक्री फक्त अमुक देशांत. पण ते पुस्तक परदेशात नेलं म्हणून त्याची पानं कोरी होत नाहीत. २०१३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढं असाच खटला आला. थायलंडमधली स्वस्त पाठ्यपुस्तकं अमेरिकेत आणून विकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूनं निकाल लागला. कायदेशीररीत्या विकत घेतलेली प्रत पुढं विकायचा हक्क त्याला आहे, असं न्यायालय म्हणालं. डिस्कच्या बाबतीत असा निकाल लागूनही उपयोग काय? न्यायालय दार उघडेल, पण प्लेअर निकाल वाचत नाही.

तिसरा मुद्दा हक्कांच्या वाटणीचा. एका देशाचे हक्क एका कंपनीला, दुसऱ्या देशाचे दुसरीला. बरोबर आहे. पण हा दोन कंपन्यांमधला हिशेब आहे. त्यांनी एकमेकांच्या हद्दीत माल विकू नये, यासाठी करार आहेत, न्यायालयं आहेत. त्या हिशेबाची राखण आपल्या दिवाणखान्यातल्या मशीननं का करावी?

२००९मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांनी ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांना २५ अमेरिकी सिनेमांच्या डीव्हीडी भेट दिल्या. त्या रीजन एकच्या होत्या आणि ब्रिटनमधल्या प्लेअरवर चालल्या नाहीत, असं तेव्हा वृत्तपत्रांत छापून आलं. लोक हसले. पण नकाशा किती ठोकळ्यासारखा काम करतो, ते त्यातून दिसतं. भेट कुणी कुणाला दिली, त्यात चोरी आहे का, हे त्याला कळत नाही. त्याला नंबर कळतो.

इथं मला आपल्या भागाकडं यायचं आहे.

जामखेडला सरहद्द ही गोष्ट नवी नाही. आपल्या शेजारचं आष्टी, पाटोदा, भूम, परंडा हे सगळं १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. आपण इकडं मुंबई इलाख्यात. तिकडं हाली सिक्का चालायचा, इकडं इंग्रजी रुपया. माल पलीकडं न्यायचा तर करोडगिरीचा नाका. भाषा मराठी, सोयरीक दोन्हीकडं, बाजार एकमेकांत मिसळलेले. आणि मधून रेष गेलेली. १७९५ची लढाई आपल्याच तालुक्यात खर्ड्याला झाली. रेष कुणी काढली आणि कुणासाठी काढली, हा प्रश्न या मातीतल्या माणसाला शिकवावा लागत नाही.

पण एक फरक आहे. नाक्यावर माणूस दिसायचा. त्याच्याशी वाद घालता यायचा, रात्री आडवाटेनं जाता यायचं, पुढं त्याच्याविरुद्ध लढाही उभा राहिला. डिस्कचा नाका दिसत नाही. तो आपल्याच घरात, आपल्याच खर्चानं बसवलेला असतो, आणि त्याचं बोलणं यांत्रिक बिघाडासारखं ऐकू येतं. म्हणून राग येत नाही, फक्त नाइलाज वाटतो.

आता मराठी भाषेच्या अंगानं हा नकाशा तपासा. मराठी माणूस राहतो कुठं? मुख्यतः रीजन पाचमध्ये. पण अमेरिका-कॅनडातही आहे; तिथल्या मंडळांची शिखर संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१पासून काम करते. तो झाला रीजन एक. आखातात नोकरीला गेलेले, लंडनचे, आणि इस्रायलमध्ये जाऊन ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवणारे बेने इस्रायल, हे सगळे रीजन दोन. सिडनी-मेलबर्नचे रीजन चार. म्हणजे एका भाषेचं एक घर, आणि त्याच्या खोल्यांना चार वेगवेगळी कुलपं. हॉलिवूडला हे चाललं, कारण त्याचा माल प्रत्येक खोलीत वेगळा विकता येतो. मराठी सिनेमाला प्रत्येक रीजनसाठी वेगळी डिस्क काढणं कुठून परवडणार?

आणि म्हणूनच, मंडळी, भारतीय सिनेमानं हा नकाशा फारसा मानला नाही. आपल्या सिनेमांच्या डिस्का बहुतेक ‘ऑल रीजन’ निघाल्या. परदेशातला भारतीय प्रेक्षक हा मोठा गिऱ्हाईक होता, त्याला अडवून चालणार नव्हतं. कित्येक भारतीय डीव्हीडी तर मुद्दाम एनटीएससीमध्ये काढल्या जायच्या, कारण आपले प्लेअर दोन्ही वाचतात, तिकडचे वाचत नाहीत. हाही व्यवहारच होता. पण या व्यवहारानं एवढं सिद्ध केलं, की रीजनच्या कुलपाशिवाय डिस्कचा धंदा चालतो.

त्याच्याही आधी व्हीसीडी होती. ती १९९३ची. चित्र डीव्हीडीपेक्षा पुसट, एका डिस्कवर जेमतेम ७४ मिनिटं, म्हणून एका सिनेमाला दोन-तीन डिस्का. पण रीजन नावाची भानगडच नाही. महाराष्ट्राच्या तालुक्याच्या गावांत मराठी सिनेमा, कीर्तन, लावणी, लोकगीतं घराघरात पोचली ती मुख्यतः व्हीसीडीवरून. मग २००७मध्ये मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. चोरीच्या डिस्कच्या भावात अस्सल डिस्क. चोरीवरचं हे उत्तर रीजन कोडपेक्षा प्रामाणिक होतं. कारण चोरीच्या डिस्कवर रीजनची खूण कधीच नसायची. ती कुठंही चालायची. अडायची ती पैसे देऊन घेतलेली. ज्या कुलपानं चोर अडत नाही आणि फक्त पावतीवाला अडतो, त्याला चोरीविरुद्धचा उपाय म्हणता येत नाही.

दरम्यान स्वस्त प्लेअर आले, बरेचसे चिनी बनावटीचे. त्यातले कित्येक सगळे रीजन चालवायचे, आणि दुकानदार तसं सांगूनच विकायचे. म्हणजे टीव्हीखालच्या प्लेअरवर हा नकाशा आपल्याकडं बराचसा विरला. कॉम्प्युटरवर मात्र तो घट्ट राहिला. २०००पासूनच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये रीजन पाच वेळाच बदलता येतो. पाचवा बदल केला, की त्या ड्राइव्हवर तोच रीजन कायमचा. आपल्या जामखेडच्या आरोग्य प्रकल्पात, आरोळे दाम्पत्यानं १९७०मध्ये सुरू केलेल्या, जगभरातून लोक शिकायला येतात. समजा, अशा एखाद्या वर्गात चार देशांतून आलेल्या चार डिस्का एकाच कॉम्प्युटरवर दाखवायच्या आहेत. दर वेळी रीजन बदलायचा म्हटलं, तर पहिल्या दोन फेऱ्यांतच मोजणी संपते.

कायद्याचं काय? आपल्या कॉपीराइट कायद्यात परदेशातून स्वतःच्या घरगुती वापरासाठी कुठल्याही कृतीची एक प्रत आणायला मुभा आहे. धंद्यासाठी आणायला नाही. वॉर्नर ब्रदर्स आणि इतर कंपन्यांनी चेन्नईतल्या एका सिनेमा-लायब्ररीविरुद्ध लावलेल्या दाव्यात २००९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं निकाल दिला. लायब्ररीनं अमेरिकेत रीतसर विकत घेतलेल्या रीजन एकच्या डीव्हीडी इथं भाड्यानं दिल्या होत्या. न्यायालयानं त्याला मनाई केली. तो निकाल धंद्यापुरता आहे. पण घरगुती प्रतीचं बघा. कायदा म्हणतो, आणा. प्लेअर म्हणतो, चालवणार नाही. कायद्यानं दिलेली मुभा एका खासगी करारानं काढून घेतली, आणि आपल्याला त्याची बातमीही नाही.

२०१२च्या दुरुस्तीआधी, विधेयकाच्या मसुद्यात एक कलम होतं. मूळ हक्कदाराच्या संमतीनं परदेशात निघालेली प्रत भारतात आणणं, हा हक्कभंग मानू नये, असं. शेवटच्या कायद्यात ते राहिलं नाही. त्याच दुरुस्तीत कलम ६५-अ आलं. हक्कभंगाच्या हेतूनं तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. त्यातले ‘हेतूनं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ते तिथं आहेत म्हणून साधा प्रेक्षक आणि चोर यांच्यात फरक करायला जागा उरते.

नंतर ब्लू-रे आली, तिचे तीनच भाग. अमेरिका-जपान ए, युरोप-ऑस्ट्रेलिया बी, भारत-चीन-रशिया सी. आणि २०१६मध्ये फोर-के ब्लू-रे आली, तिला रीजनच नाही. म्हणजे ज्यांनी हे कुलूप बनवलं, त्यांनीच वीस वर्षांत ते काढून ठेवलं. जग काही बुडालं नाही.

पण सरहद्द संपली का? नाही. ती डिस्कवरून उठली आणि तारेत गेली. आज मोबाईलवर येतं : हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही. तेव्हा निदान डिस्क हातात होती. प्लेअर बदलून बघता यायचं, शेजाऱ्याला देता यायची, वाचनालयात ठेवता यायची. आज हातात काहीच नाही. करार संपला की सिनेमा यादीतून जातो, आणि गेल्याचं कुणी कळवत नाही. रीजन कोड समजून घ्यायचा तो यासाठी. पुढच्या वेळी पडद्यावर ‘चालणार नाही’ असं आलं, की आपण विचारलं पाहिजे : चालत नाही, की चालू देत नाही?

इथं थांबतो. एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : आमच्या वाचनालयात दोन खोकी भरून व्हीसीडी-डीव्हीडी आहेत. त्यांचं करायचं काय?

उत्तर : टाकू नका. त्यात इंटरनेटवर कुठंच न सापडणारं काही असू शकतं. तीन कामं करा. एक, प्रत्येक कव्हरची मागची बाजू वाचून वहीत नोंद करा : नाव, कंपनी, पाल की एनटीएससी, आणि पृथ्वीगोलाच्या चित्रात कुठला आकडा आहे. दोन, एक चालू प्लेअर जपा. नव्या लॅपटॉपला डिस्कची खाच नसते, बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घ्यावा लागतो. तीन, दर वर्षी थोड्या डिस्का लावून बघा आणि डबे उन्हापासून, दमटपणापासून दूर ठेवा. स्थानिक कलाकारांचं किंवा गावातल्या कार्यक्रमांचं चित्रण असेल, तर संबंधितांची परवानगी घेऊन त्याची आधी दुसरीकडं प्रत करून ठेवा.

प्रश्न : पण निर्मात्यानं पैसे घातले. त्यानं कुठं विकायचं, हे त्यानं ठरवू नये का?

उत्तर : जरूर ठरवावं. विकण्यापर्यंतचं ठरवणं त्याचं. विकल्यानंतर ती वस्तू मी कुठं बसून वापरायची, हे त्यानं ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं. शेतकरी कांदा कुठल्या बाजारात न्यायचा ते ठरवतो. तो कुणाच्या चुलीवर शिजावा, हे नाही ठरवत.